माशेलच्या चवथीत जॉर्जिया–पोर्तुगाल

रग्बी वर्ल्ड कपचं वेळापत्रक आलं तेव्हा बाकीचे फायनलची तारीख बघत होते आणि मी ‘सी’ गटातला जॉर्जिया–पोर्तुगाल सामना शोधत होते. २३ सप्टेंबर २०२३, फ्रान्समधलं तुलूज शहर, तिथल्या घड्याळात दुपारचे दोन. आपल्याकडे संध्याकाळचे साडेपाच. कालनिर्णय उघडलं तर तो गणपतीचा पाचवा दिवस निघाला. ठाण्याला आमच्या घरी गणपती दीड दिवसाचा, माशेलला मामाकडे पाच दिवसांचा. मी शाळेत मुलींना रग्बी शिकवते. आईच्या माहेरची चवथ आणि पोर्तुगालचा सामना एकाच संध्याकाळी, तोही गोव्यात, म्हटल्यावर रजेचा अर्ज त्याच दिवशी दिला.

शुक्रवार, २२ सप्टेंबर

चतुर्थीच्या आठवड्यात कोकण रेल्वेचं तिकीट मिळणं म्हणजे काय असतं हे सांगायला नको. आमचं मांडवीचं झालं होतं. ठाण्याहून सकाळी निघालेली गाडी पावसाळी वेळापत्रकाप्रमाणे रमतगमत चालली होती. रत्नागिरीपर्यंत डबा गच्च, कणकवली-कुडाळला जवळजवळ रिकामा. चिपळूणच्या पुढे दोन्ही बाजूंना भात पोटरीला आलेलं. प्रवासाबद्दल एवढं पुरे.

करमळीला उतरले तेव्हा दिवस मावळला होता. मामेभाऊ स्कूटर घेऊन आला होता. जुनं गोवं, खोर्ली, बाणस्तारीचा पूल, आणि मग माशेल. रस्त्यात ठिकठिकाणी ऑक्टोबरात गोव्यात होणाऱ्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांचे फलक, त्यावर ‘मोगा’ नावाचा तो हसरा गवा. खेळांच्या राज्यात आल्यासारखं वाटलं. अर्थात गोव्यात खेळ म्हटला की फुटबॉल. भावाच्या मुलाने, म्हणजे माझ्या भाच्याने, दारातच रोनाल्डोचा सात नंबरचा लाल शर्ट घालून स्वागत केलं.

“आयलीस गो बाये?” मामी आतूनच म्हणाली. हातपाय धुऊन आधी गणपतीपुढे गेले. माटोळी यंदा भरगच्च होती: नारळाची पेंड, सुपारीचे घोस, तोरिंगण, चिबूड, कांगलां, आणि रानातून आणलेली कितीतरी फळं. त्यांतली अर्धी मला नावाने ओळखता येत नाहीत, मामाला सगळी येतात. गोव्यात गणपतीच्या डोक्यावर हे लाकडी चौकटीला टांगलेलं रान असतं, आणि माझ्या लेखी मूर्तीइतकंच ते बघण्यासारखं असतं.

आरती झाली. माशेलची आरती म्हणजे घुमट, शामेळ आणि कासाळें. घुमट म्हणजे मातीचं, एका तोंडाला कातडं ताणून बांधलेलं वाद्य. पूर्वी घोरपडीचं कातडं वापरत, आता बकऱ्याचं वापरतात. २०१९मध्ये सरकारने त्याला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान दिला. वाडीतले वाजवणारे एका घरातून दुसऱ्या घरात जातात, कोणाचंही घर वगळत नाहीत. मराठी आरत्या, कोकणी गप्पा, मध्येच कोणीतरी नेवऱ्यांचं, म्हणजे करंज्यांचं, ताट फिरवतो.

जेवताना भाच्याने विचारलं, “आत्या, रग्बी म्हणजे इंग्रजांचाच खेळ ना?” त्याला कलकत्ता कपची गोष्ट सांगितली. १८७२च्या नाताळात कलकत्त्यात रग्बीचा सामना झाला, त्यातून कलकत्ता फुटबॉल क्लब उभा राहिला. काही वर्षांत क्लब मोडकळीला आला तेव्हा सभासदांनी बँकेतली शिल्लक चांदीच्या रुपयांत काढली, ते २७० रुपये वितळवले आणि त्याचा चषक करवून घेतला. त्याला मुठी तीन नागांच्या, झाकणावर हत्ती. १८७९पासून इंग्लंड आणि स्कॉटलंड याच चषकासाठी खेळतात. आजही सिक्स नेशन्स या युरोपातल्या स्पर्धेत या दोघांचा सामना असतो तेव्हा हाच कप दिला जातो. मामा निवृत्त शिक्षक. त्याने ताटातली बोटं थांबवून ऐकलं आणि म्हणाला, “म्हणजे रुपये आपले.” हो, रुपये आपलेच.

रात्री सव्वानऊला अर्जेंटिना–सामोआ होता. १९–१०. प्रवासाने डोळे मिटत होते, दुसऱ्या सत्राचं फारसं आठवत नाही. आदल्या रात्रीची बातमी मात्र मनात घोळत होती. फ्रान्सने नामिबियाला ९६–० हरवलं होतं, पण त्या सामन्यात त्यांचा कर्णधार आंतवान द्युपों याच्या गालाचं हाड मोडलं. यजमान देशाचा जीव टांगणीला लागला होता.

शनिवार, २३ सप्टेंबर

सकाळपासून घरात दोन वेळापत्रकं चालू होती. मामीचं: पूजा, नैवेद्य, जेवणावळ, दुपारी फुगड्या, तिन्हीसांजेला उत्तरपूजा, मग विसर्जन. माझं: साडेपाच ते सव्वासात. मामीला मी ते आधीच फोनवर सांगितलं होतं, आणि तिने भटजींना “सात वाजून गेल्यावर या” म्हणून निरोप धाडला होता. भाचीसाठी मामीने काय काय केलं असेल ते असेल, मला ही गोष्ट जन्मभर पुरेल.

दुपारच्या पानात खतखते होतं. तिरफळाचा वास आणि बरोबर मुगागाठी. जेवून बायका गणपतीपुढे फुगड्यांना उभ्या राहिल्या. कोकणी ओव्या, पायांचा ठेका, खालची जमीन दणदणत होती.

खरा प्रश्न सकाळी चहाच्या वेळीच निघाला होता. मामाने विचारलं, “कोणाची मॅच म्हणालीस?”

“जॉर्जिया आणि पोर्तुगाल.”

“पाखल्यांची?” गोव्यात पोर्तुगीजांना पाखले म्हणतात.

मामाचा जन्म पोर्तुगीज राजवटीतला. १९ डिसेंबर १९६१ला गोवा मुक्त झाला तेव्हा तो शाळकरी पोर होता. आजोबा १८ जून १९४६च्या, मडगावच्या लोहियांच्या सभेला गेले होते, ही आमच्या घरातली अभिमानाची गोष्ट. माशेल हे गावच तसं आहे. इथल्या देवकीकृष्णाचं मूळ ठाणं चोडणला. पोर्तुगीजांनी देवळं पाडायला घेतली तेव्हा मूर्ती आधी मयेला आणि तिथून माशेलला आणावी लागली. अंत्रुज महालातली, म्हणजे या फोंडा भागातली, कितीतरी दैवतं अशीच नदी ओलांडून आलेली आहेत. रोनाल्डोसाठी पोर्तुगालचा झेंडा लावणारी तरुण पोरं आणि तो झेंडा बघून कपाळाला आठ्या घालणारी म्हातारी माणसं, हे दोन्ही गोव्यात खरं आहे. मला दोघांपैकी एकालाही चूक म्हणवत नाही.

मामा म्हणाला, “मी जॉर्जियाच्या बाजूने.” भाचा पोर्तुगालच्या. मी दोघांच्याही, आणि हे मी मनापासून सांगितलं. कारण या दोन संघांना रग्बीच्या जगात एकच दुखणं आहे, त्याबद्दल पुढे.

साडेपाचला बाहेरच्या खोलीत टीव्हीला मोबाइल जोडला. मामा आरामखुर्चीत, भाचा जमिनीवर, दारात शेजारचे दोघे-तिघे, आणि पलीकडे चौकीत, म्हणजे आतल्या दालनात, गणपती. सामना सुरू व्हायच्या आत मी नियम सांगितले. प्रत्येकी पंधरा खेळाडू, चाळीस-चाळीस मिनिटांची दोन सत्रं. चेंडू हाताने पुढे टाकायचा नाही, मागेच द्यायचा. पुढे न्यायचा तर धावून किंवा लाथेने. प्रतिस्पर्ध्याच्या रेषेपलीकडे तो जमिनीला टेकवला की ट्राय, त्याचे पाच गुण. मग जिथे टेकवला त्या सरळ रेषेत मागे येऊन किक मारायची, दोन खांबांमधून गेली तर आणखी दोन, त्याला कन्व्हर्जन म्हणतात. पेनल्टीचे तीन. आपली कबड्डी खेळलेल्या माणसाला यातली पकड समजावून द्यावी लागत नाही. मामा तरुणपणी कबड्डी खेळलेला. पहिल्या टॅकललाच तो पुढे सरकून बसला.

सुरुवात जॉर्जियाची. दुसऱ्याच मिनिटाला अकाकी ताबुत्सादझे कोपऱ्यात ट्राय करून गेला. मग पेनल्ट्या. १३–०. जॉर्जियाचा स्क्रम जगात नावाजलेला आहे. त्यांचे धिप्पाड प्रॉप, म्हणजे स्क्रमच्या पहिल्या रांगेत रेटणारे, फ्रान्सच्या क्लबांत वर्षानुवर्षं भाकरी कमावतात. आठ माणसं वाकून एकमेकांच्या दंडात दंड घालतात आणि समोरच्या आठांना रेटतात, तेव्हा जॉर्जियाची ती रांग हलता हलत नाही. पोर्तुगालची फळी मागे सरकत होती. मामा खूश. भाच्याने शर्टाची कॉलर तोंडात धरलेली.

“हे लोक धंदेवाईक खेळाडू ना?” मामाने विचारलं. मी म्हटलं, काही आहेत, काही नाहीत. पोर्तुगालचा कर्णधार तोमास ॲपलटन दातांचा डॉक्टर आहे. मामा वळून माझ्याकडे बघायला लागला. मग त्याला सांगितलं, हा संघ याआधी वर्ल्ड कपला एकदाच आला होता, २००७मध्ये. तेव्हा न्यूझीलंडने त्यांना १०८–१३ धुतलं, चारही सामने ते हरले, तरी न्यूझीलंडविरुद्ध ट्राय केला म्हणून त्यांचं कौतुक झालं. त्यानंतर सोळा वर्षं दार बंद. यंदा आले तेही शेवटच्या पात्रता स्पर्धेतून, नोव्हेंबर २०२२मध्ये दुबईत. अमेरिकेविरुद्ध सामुएल मार्केशच्या शेवटच्या पेनल्टीने १६–१६ बरोबरी झाली आणि गुणांच्या फरकावर हे पात्र ठरले. त्यांना ‘लांडगे’ म्हणतात.

हाफटाइमच्या थोडं आधी रफाएल स्टोर्टी सुटला. बावीस वर्षांचा विंगर, म्हणजे कडेने धावणारा खेळाडू. बाजूच्या रेषेलगत त्याने अशी काही धाव घेतली की शेजारचे काका “गेलो, गेलो!” ओरडले. ट्राय. १३–५. चौकीतून मामीने डोकावून विचारलं, “किदें जालें?” भाच्याने खोलीभर उड्या मारल्या.

दुसऱ्या सत्रात जे झालं त्याला मी पोर्तुगालची खरी रग्बी म्हणते. वजनात कमी, म्हणून ते चेंडू अडवून धरत नव्हते. पकडला की दिला, दिला की पळाले. आपल्या रेषेजवळूनही किक मारायच्या ऐवजी हातातून खेळत होते. जॉर्जियाची मोठी माणसं दमायला लागली. मार्केशने एक पेनल्टी घातली, १३–८. दुसरी, १३–११. आणि मग पुन्हा स्टोर्टी. वर कन्व्हर्जन. १३–१८.

मामा आरामखुर्चीतून उठून उभा होता. जॉर्जियाच्याच बाजूने, पण उभा. “धांवता बरो,” एवढंच म्हणाला.

शेवटची तीन-चार मिनिटं उरली असताना वाडीतल्या मंडळींचा घुमटाचा आवाज दोन घरांवर येऊन ठेपला. पलीकडच्या घरातली शेवटची आरती सुरू झाली होती. टीव्हीवर जॉर्जिया पोर्तुगालच्या रेषेवर धडका देत होता. तेंगिझ झामतारादझे, त्यांचा हूकर, म्हणजे दोन प्रॉपांच्या मधला खेळाडू, रेटून आत गेला. १८–१८. आता कन्व्हर्जन गेला तर जॉर्जिया जिंकणार. किक चुकली. खोलीत कोणी बोलेना. आणि तेवढ्यात अगदी शेवटच्या क्षणाला पोर्तुगालला पेनल्टी मिळाली, लांबून. मार्केश तोपर्यंत बाहेर गेला होता. नूनो सौझा गेदिशने किक घेतली. तीही चुकली. अठरा-अठरा, बरोबरी.

वर्ल्ड कपच्या सामन्यात पोर्तुगाल न हरण्याची ही पहिलीच वेळ होती. खेळाडू मात्र हरल्यासारखे मैदानात बसले होते, दोन्ही संघांचे. माझ्या डोळ्यांत पाणी होतं. मुलींना शिकवताना मी नेहमी सांगते की बरोबरीलाही एक चव असते. त्या ऐकत नाहीत, त्यांना जिंकायचं असतं. त्या दिवशी माझ्या मुली तिथे असायला हव्या होत्या.

दारात घुमट आलं. भटजी आले. उत्तरपूजा झाली, मूर्ती हलवली. मामाने गाऱ्हाणं घातलं, दरवर्षीसारखंच: घरातल्या सगळ्यांची नावं, परदेशी गेलेल्यांची, आजाऱ्यांची. मग पाट डोक्यावर घेऊन भाऊ निघाला, मागे आम्ही सगळे. “गणपती बाप्पा मोरया, पुढच्या वर्षी लवकर या.” पावसाची भुरभुर होती. नदीवर दोन-तीन वाडीतले गणपती एकत्र जमले होते. भाचा त्याच्या दोस्तांना अंधारात हातवारे करून स्टोर्टीची धाव दाखवत होता.

रात्री साडेबाराला दक्षिण आफ्रिका–आयर्लंड. एक २०१९चा जगज्जेता, दुसरा क्रमवारीत अव्वल. आफ्रिकेने राखीव आठांत सात फॉरवर्ड, म्हणजे स्क्रममध्ये रेटणारे, आणि एकच बॅक, म्हणजे मागून धावणारा, ठेवला होता, त्यावर जगभर वाद चालू होता. मला ती खेळी आवडली. नियमात बसते आणि ताकदीवरच्या विश्वासातून आलेली आहे. भाऊ आणि मी आवाज अगदी बारीक करून बसलो. आयर्लंड १३–८. आफ्रिकेने किकांत अकरा गुण गमावले, तिथेच सामना गेला. पण शेवटी जिंकणं वेगळं असतं. बदली म्हणून मधेच संघात घेतलेल्या हांद्रे पोलार्डने पाच आठवड्यांनी फायनलमध्ये आफ्रिकेचे बाराच्या बारा गुण लाथेने केले आणि न्यूझीलंड ११वर राहिलं.

रविवार, २४ सप्टेंबर

उशिरा उठले. घरात पाट रिकामा, माटोळी अजून वर. नाश्त्याला पाव आणि पातळ भाजी.

मी पिशवीत एक रग्बीचा चेंडू आणला होता. भाच्याने आणि त्याच्या दोस्तांनी तो सकाळीच शोधून काढला होता. आम्ही देवकीकृष्णाच्या देवळापुढच्या मैदानावर गेलो. आषाढी द्वादशीला इथे चिखलकालो होतो. भजन संपलं की गावातले पुरुष अंगाला तेल चोळून पावसाच्या चिखलात उतरतात आणि जुने खेळ खेळतात. चिखलात लोळून खेळणं हा इथे देवाच्या सेवेचा भाग आहे. त्या मैदानावर मुलांना टॅकलची भीती वाटेल अशी शंकाच नको. मी त्यांना आधी पडायला शिकवलं: हनुवटी छातीला, खांदा पुढे, डोकं समोरच्याच्या पाठीमागच्या बाजूला. टॅकल कमरेखाली. चेंडू मागे. अर्ध्या तासात मुलं दोन तुकड्या करून खेळायला लागली. त्यांतल्या दोन मुली सगळ्यांत चपळ. त्यातली एक बाजूने पळून गेली तेव्हा मुलं “स्टोर्टी, स्टोर्टी” ओरडली. माशेलमध्ये!

मामा पारावर बसून बघत होता. त्याला मी जॉर्जियातल्या लेलो बुर्तीबद्दल सांगितलं. गुरिया प्रांतात शुखुती नावाचं गाव आहे. तिथे दर ईस्टरला वरची वाडी आणि खालची वाडी असा सामना होतो. चेंडू सोळा किलोच्या आसपास वजनाचा, आत वाळू-माती भरलेली. ना खेळाडूंची संख्या ठरलेली, ना मैदान. अख्खा गाव एकमेकांवर रेलून तो चेंडू आपापल्या बाजूच्या ओढ्यापर्यंत न्यायला बघतो. जी बाजू जिंकते ती चेंडू त्या वर्षी वारलेल्या आपल्या माणसाच्या थडग्यावर नेऊन ठेवते. त्यामुळे रग्बी जॉर्जियात उपरा खेळ म्हणून आला नाही, त्याला खालची माती तयार होती. मामा कितीतरी वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “मी बरोबर बाजू घेतली तर.”

आता ते दुखणं. युरोपातली मोठी स्पर्धा सिक्स नेशन्स. १८८३मध्ये इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स, आयर्लंड यांनी सुरू केली. १९१०ला फ्रान्स आला, २०००मध्ये इटली. त्यानंतर दार बंद. खाली जाणं नाही, वर येणं नाही. जॉर्जियाने युरोपच्या दुसऱ्या पातळीवरची स्पर्धा वर्षानुवर्षं जिंकली आहे. २०२३च्या मार्चमध्ये अंतिम सामन्यात हरवलं ते पोर्तुगाललाच. २०२२मध्ये जॉर्जियाने इटलीला हरवलं, आणि नोव्हेंबरमध्ये कार्डिफला जाऊन वेल्सला १३–१२. तरी सिक्स नेशन्समध्ये त्यांना एक सामना मिळत नाही.

इटलीबद्दल माझा राग नाही. २०१५पासून त्या स्पर्धेत इटली सलग ३६ सामने हरली आणि मग मार्च २०२२मध्ये कार्डिफलाच वेल्सवर २२–२१ अशी जिंकली. तो सामना मी कितीदा बघितला असेल. हरत हरत शिकायची संधी इटलीला मिळाली, ती मिळायलाच हवी. माझं म्हणणं एवढंच की तशी संधी तिबिलिसीच्या आणि लिस्बनच्या पोरांनाही मिळावी. दरवर्षी तळाचा संघ आणि बाहेरचा विजेता यांचा एक सामना ठेवा. हरले तर परत जातील. वर्ल्ड कप चार वर्षांनी येतो. त्याच्या मधल्या काळात या संघांशी मोठे देश क्वचितच खेळतात, आणि मग वर्ल्ड कपात शंभर गुणांनी हरले की म्हणतात, बघा, यांची तयारी नाही. तयारी सामने खेळून होते. हे मला माझ्या शाळेच्या मैदानावरून ठाऊक आहे. ज्या मुलींना वर्षात जिल्ह्याचा एकच सामना मिळतो, त्यांच्याकडून राज्यपातळीवरच्या खेळाची अपेक्षा करणं हा अन्याय आहे.

मामाला हे सगळं ऐकवलं तेव्हा तो म्हणाला, “शाळेत मागच्या बाकावरच्याला फळ्याकडे कधी बोलावलंच नाही, तर त्याला येतं की नाही हे मास्तरला कळणार कसं?” इतकी वर्षं शिकवलेल्या माणसाचं मत आहे ते.

संध्याकाळी माशेलच्या सार्वजनिक गणपतींची फेरी. इथल्या मंडळांच्या वेगवेगळ्या वस्तूंपासून केलेल्या मूर्ती बघायला गोवाभरातून लोक येतात. गर्दी खूप, गाड्यांना जागा नाही. रात्री वेल्सने ऑस्ट्रेलियाला ४०–६ हरवलं. दोनदा जग जिंकलेल्या संघाचा वर्ल्ड कपमधला हा सगळ्यात मोठा पराभव. मी पहिलं सत्र बघून झोपले.

सोमवार, २५ सप्टेंबर

सामना नाही. सातवा दिवस, म्हणून कुंभारजुव्याचं सांगोड. हे मी लहानपणी एकदा बघितलं होतं, आजीच्या हाताला धरून.

दोन होड्या शेजारी आणून वर फळ्या टाकून घट्ट बांधायच्या, त्याचं सांगोड. त्यावर देखावा उभा करायचा. पौराणिक प्रसंग असतात, हल्लीचे विषयही असतात, आणि पात्रं म्हणून गावातलीच मुलंमाणसं रंगून उभी राहतात. माशेलच्या शांतादुर्गा कुंभारजुवेकरीण देवळातला गणपती विसर्जनासाठी या पाण्यावर येतो. त्याचं सांगोड पुढे, बाकीची मागे. काठावर दोन्ही बाजूंना माणसंच माणसं. आम्ही दुपारीच जाऊन जागा धरली होती. ही देवीसुद्धा पाण्यापलीकडून पळवून आणलेली. तिचे लोक तिच्यामागून आले आणि तिचा गणपती अजूनही जुन्या गावच्या पाण्यात सोडायला नेतात. मामाने हे सांगितलं तेव्हा त्याचा आवाज जड झाला होता. पाखल्यांबद्दलचा त्याचा राग मला इथे पुरता कळला. तो राग खेळाडूंवर नाही.

मी त्या होड्यांची बांधणी बघत होते. दोर आडवे-तिरपे असे घेतात की एक होडी लाटेने वर आली तरी दुसरी सुटत नाही. होडीवर माणसं चढवताना वजन दोन्हीकडे सारखं आहे ना, हे काठावरून एक वयस्कर गृहस्थ ओरडून सांगत होते, आणि तरुण पोरं निमूट ऐकत होती. पाऊस आला, कोणी हललं नाही. रंगवलेल्या रावणाच्या मिशा ओघळल्या. तो तसाच छाती काढून उभा राहिला आणि लोकांनी त्याला टाळ्या दिल्या.

परत येताना भाचा म्हणाला, “आत्या, पोर्तुगालची पुढची मॅच कधी?” १ ऑक्टोबर, ऑस्ट्रेलिया. मग ८ ऑक्टोबर, फिजी. घरी गेल्यावर त्याने दोन्ही तारखा कालनिर्णयावर पेनाने लिहिल्या. मामाने जॉर्जियाच्याही विचारल्या आणि स्वतः खाली लिहिल्या.

मंगळवार, २६ सप्टेंबर, आणि त्यानंतर

सकाळी माटोळीतला एक नारळ, सुपारीचा घोस आणि डबाभर नेवऱ्या घेऊन निघाले. चेंडू भाच्याकडेच ठेवला. करमळीला गाडी वेळेवर आली.

ऑस्ट्रेलियाविरुद्ध पोर्तुगाल ३४–१४ हरले, पण बघणाऱ्याला सामना तेवढा एकतर्फी वाटला नाही. फिजीचा सामना आपल्याकडे ९ तारखेला मध्यरात्री साडेबाराला सुरू झाला. मी ठाण्यात, भाऊ आणि भाचा माशेलला, फोन चालू ठेवलेले. फिजीने याच गटात ऑस्ट्रेलियाला हरवलं होतं. हाफटाइमला ३–३. शेवटाकडे फिजी २३–१७ने पुढे, आणि मग रॉद्रिगु मार्ताचा ट्राय, २२. मार्केशची किक खांबांमधून. २४–२३. पोर्तुगालचा वर्ल्ड कपमधला पहिला विजय. प्रशिक्षक पात्रिस लाजिस्केचा तो त्यांच्याबरोबरचा शेवटचा सामना होता. एका गुणाने हरल्यामुळे मिळालेल्या बोनस गुणावर फिजी उपांत्यपूर्व फेरीत गेलं आणि ऑस्ट्रेलिया घरी.

फोनवर भाचा नुसता किंचाळत होता. त्याच्या मागून मामाचा आवाज आला. म्हातारा जागा होता! “कोणी जिंकलं?”

“पोर्तुगाल, मामा.”

“हां. दातांचा डॉक्टर खेळला?”

खेळला, म्हटलं.

त्याच महिन्यात जाहीर झालं की २०२७चा वर्ल्ड कप, ऑस्ट्रेलियातला, वीसऐवजी चोवीस संघांचा असेल. बरं झालं. पण त्याच बैठकीत मोठ्या बारा संघांची नवी स्पर्धाही ठरली, २०२६पासून, आणि वर-खाली जाण्याची सोय त्यात २०३०पर्यंत नाही. चार जागा चार वर्षांतून एकदा वाढवून दिल्या आणि मधली चार वर्षं पुन्हा कुलूप लावलं. जॉर्जिया बाहेरच, पोर्तुगाल बाहेरच. मला हे पटलेलं नाही, आणि ज्यांना रग्बी आवडते त्यांनी हे बोलत राहिलं पाहिजे.